जातो, पण भीती जात नाही

चारचौघांत वावरण्याच्या भीतीबद्दल आलेल्या पत्रांतली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. जागेअभावी ती थोडक्यात दिली असून ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. उत्तरांत वारंवार येणारं ‘सीबीटी’ म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागणं तपासून बदलण्याची उपचारपद्धती. तिला मराठीत बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात, पण दवाखान्यात कुणी तसं म्हणत नाही, म्हणून इथेही सीबीटीच.

प्रश्न : मीटिंगमध्ये प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची असतात. माझी पाळी जवळ येऊ लागली की पोटात गोळा येतो, घसा कोरडा पडतो. मध्यंतरी बढतीही नाकारली. घरचे म्हणतात, ‘तू पहिल्यापासूनच बुजरा.’ हा स्वभाव की आजार? वय २७.

बुजरा माणूस एखाद्या समारंभात पहिली दहा मिनिटं कोपऱ्यात उभा राहतो आणि मग रुळतो. सामाजिक चिंताविकारात, म्हणजे ही भीती आजार होते तेव्हा, हे रुळणं होत नाही. पण त्याहून मोठी खूण वेगळीच आहे. माणूस आपलं आयुष्य भीतीच्या मापाने बेतू लागतो. तोंडी परीक्षा नसलेला विषय निवडतो, बढती नाकारतो, फोन वाजला की उचलत नाही आणि मग मेसेज करतो. तुमच्या पत्रात बढतीचा उल्लेख ओझरता आला आहे. आमच्या मते पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच.

निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ (२०१३) या नियमावलीत मुख्य कसोट्या अशा आहेत : इतर लोक आपल्याला जोखतील अशा प्रसंगांची भीती, ती प्रसंगाच्या मानाने फार जास्त असणं, साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकणं आणि तिच्यामुळे काम, शिक्षण किंवा नाती अडणं. विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयात होते. इतक्या लहान वयापासून सोबत असलेली गोष्ट स्वभावच वाटते, यात घरच्यांचा दोष नाही.

ही भीती किती आहे हे मोजणाऱ्या लीबोविट्झ मापनश्रेणीत २४ प्रसंग दिलेले असतात. प्रत्येकाला भीतीसाठी ० ते ३ आणि टाळण्यासाठी ० ते ३ असे गुण द्यायचे. एकूण गुण १४४. बेरीज ३०च्या पुढे गेली तर तज्ज्ञाला भेटावं. मात्र आकडा हे निदान नव्हे. धडधड आणि हातांची थरथर एकट्याने बसलेलं असतानाही होत असेल, तर आधी थायरॉइडची तपासणी करून घ्या.

प्रश्न : ‘सामोरं जा, भीती आपोआप जाईल’ असं वाचून दोन वर्षं मी स्वतःला ढकलते आहे. प्रेझेंटेशन पाठ करून का होईना, देते. पार्ट्यांना जाते, तिथे आवराआवरीत मदत करत राहते. गप्पांत पुढचं वाक्य मनात जुळवूनच तोंड उघडते. पण भीती तसूभरही कमी झालेली नाही. माझ्यावर हा उपाय चालत नाही का?

उपाय चालतो, पण तुमच्याकडून तो अर्धाच झाला आहे. तुम्ही जाता, पण चिलखत घालून जाता. पाठांतर, आवराआवर, मनात जुळवलेली वाक्यं हे ते चिलखत. सीबीटीत याला ‘सेफ्टी बिहेविअर’ म्हणजे सुरक्षा-वर्तन म्हणतात. त्याची खोड अशी की कार्यक्रम सुरळीत पार पडला की सगळं श्रेय तेच घेऊन जातं. ‘पाठ केलं होतं म्हणून निभावलं.’ पाठ नसतं तर फजिती झाली असती, ही मूळ समजूत जिथल्या तिथे राहते. दोनशे वेळा गेलात तरी दोनशे वेळा हाच धडा पक्का होतो.

काही युक्त्या तर ज्याची भीती वाटते तेच घडवून आणतात. हळू आवाजात बोललं की लोक पुढे वाकून, डोळे रोखून ऐकतात. कप घट्ट धरला की हात जास्त थरथरतो. घाम दिसू नये म्हणून जाकीट घातलं की घाम वाढतो. मनात वाक्य जुळवणाऱ्याचं समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष नसतं, त्यामुळे उत्तर तुटक येतं आणि समोरच्याला वाटतं, ‘हिला माझ्याशी बोलायचंच नाही.’

दुसरी अडचण लक्षाची. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली या विकाराचं जे प्रारूप मांडलं, त्याच्या मध्यभागी हीच गोष्ट आहे. घाबरलेल्या माणसाचं लक्ष बाहेरून निघून आत वळतं. मग छातीतली धडधड, गालांची उष्णता, आवाजातला कंप यांच्या आधारे तो स्वतःचं एक चित्र काढतो आणि लोकांना हेच दिसतंय असं धरून चालतो. समोरचा खरोखर काय करतोय ही माहिती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून प्रसंग कितीही वेळा आला तरी त्यातून नवं काही शिकलं जात नाही.

उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत करून घेतली जाणारी एक चाचणी तुम्हाला घरीही करता येईल. फारशी ओळख नसलेल्या माणसाशी पाच-पाच मिनिटांच्या दोन गप्पा मारायच्या. पहिलीत सगळ्या युक्त्या मुद्दाम वापरायच्या आणि आपण कशा दिसतोय यावर लक्ष ठेवायचं. दुसरीत युक्त्या सोडायच्या आणि लक्ष समोरच्यावर ठेवायचं : तो काय सांगतोय, कुठल्या शब्दावर जोर देतोय, बोलता बोलता हात कसे हलवतोय. प्रत्येक गप्पेनंतर लगेच ० ते १०० असे तीन आकडे लिहायचे. किती भीती वाटली? आपण किती घाबरलेल्या दिसलो असू? बोलणं कितपत जमलं? दवाखान्यात समोरच्या माणसालाही हेच आकडे विचारतात. बहुतेकांना दुसरी गप्पा सुरू होण्याआधी जास्त भयंकर वाटते आणि संपल्यावर सोपी गेलेली आढळते. हे वाचून पटत नाही, करून बघावं लागतं.

पुढचं काम वहीतलं. पाच रकाने आखा : प्रसंग, भाकीत, काय करणार आणि काय सोडणार, काय घडलं, काय कळलं. सगळी मेख दुसऱ्या रकान्यात आहे. ‘वाईट होईल’ हे भाकीत नव्हे, कारण ते खोटं पडूच शकत नाही. तिऱ्हाइताला तपासता येईल असं लिहा : ‘मीटिंगमध्ये तयारी न करता प्रश्न विचारला, तर दहापैकी किमान तीन जण एकमेकांकडे बघून हसतील. खात्री १००पैकी ७५.’ मग प्रश्न विचारायचा आणि नजर वर ठेवून हसणारे मोजायचे. नजर खाली राहिली तर प्रयोग वाया गेला. घरी आल्यावर त्याच वाक्यापुढे नवा आकडा लिहा.

चौथ्या रकान्यात नेहमी एक घोळ होतो. लोक तिथे ‘खूप भीती वाटली’ असं लिहितात. पण भाकीत भीतीचं नव्हतंच, हसणाऱ्यांचं होतं. किती जण हसले? दुसरा घोळ म्हणजे ‘त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं’ अशी नोंद. चेहऱ्यावरून मन वाचणं हा आजाराचाच भाग आहे; ऐकलेलं आणि पाहिलेलं तेवढंच लिहा. आणि एक युक्ती सोडली की तिच्या जागी दुसरी हळूच येते. पाठांतर बंद होतं आणि मोबाइल हातात येतो.

सगळ्यांत सोप्या प्रसंगापासून शिडी चढायची आणि प्रत्येक पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत थांबायचं, अशी जुनी रीत आहे. ती चुकीची नाही. पण मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्क यांच्या गटाने २०१४ साली सविस्तर मांडलेला मुद्दा आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो : भीती किती उतरली यापेक्षा, जे होईल असं वाटलं होतं आणि जे झालं त्यांत अंतर किती पडलं, यावर शिकणं अवलंबून असतं. भीती ८०वरच राहिली आणि कुणीही हसलं नाही, तर प्रयोग उत्तम झाला. महिन्यातून एक मोठं धाडस करण्यापेक्षा आठवड्यात चार-पाच छोटे प्रयोग केलेले बरे.

दीर्घ श्वसनाबद्दल आमचं मत थोडं कडू आहे. सकाळी घरी बसून अवश्य करा. बोलायला उठण्याआधी भीती दाबण्यासाठी केलं, तर तेही चिलखतातच जमा होतं.

प्रश्न : सगळ्यांसमोर सही करताना माझा हात थरथरतो आणि चेहरा लालबुंद होतो. ते दिसतंच, ही काही माझी कल्पना नाही. मग विचार बदलून काय उपयोग?

दिसतं हे मान्य. पण प्रश्न तीन आहेत आणि भीती त्यांचा एकच करून टाकते : किती दिसतं, किती जणांच्या लक्षात येतं आणि लक्षात आल्यावर त्यांना काय वाटतं.

किती दिसतं, हे व्हिडिओवर तपासतात. चित्रण पाहण्याआधी डोळे मिटून आपण कसे दिसलो असू याचं चित्र मनात उभं करायचं आणि आकडे लिहायचे : थरथर ९०, लाली ८५, किती सेकंद गप्प होतो तेही. लाली किती, हे अगदी नेमकं सांगायचं असेल तर घरातला एखादा कपडा किंवा पुस्तकाचं वेष्टन दाखवून ‘इतका लाल’ असं ठरवून ठेवा. मग एखाद्या परक्या माणसाचं चित्रण पाहावं तसं बघायचं आणि फक्त दिसेल, ऐकू येईल तेवढंच मोजायचं. भाकीत न लिहिता थेट चित्रण पाहिलं, तर त्या वेळची भीती आठवते आणि पडद्यावर तीच दिसू लागते.

किती जणांच्या लक्षात येतं, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना लोक बसलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखणारे साधारण एक चतुर्थांशच निघाले.

तिसऱ्या प्रश्नासाठी छोटी पाहणी करा. ‘सही करताना एखाद्याचा हात थरथरला तर तुमच्या लक्षात येईल का? कारण काय वाटेल? त्या माणसाबद्दल मत बदलेल का?’ हे तीन प्रश्न आठ-दहा जणांना पाठवा. तुमचे उपचारक किंवा मित्र पाठवतील तर अधिक चांगलं, कारण मग तुमचं मन राखायला कुणी गोड लिहिणार नाही. उत्तरं येण्याआधी तुमचं भाकीत लिहून ठेवा. ‘थंडी वाजत असेल’, ‘वय असेल’, ‘घाईत असेल’ अशी कारणं पुढे येतात. ‘हा माणूस कुचकामी आहे’ हे तुमच्या मनातलं कारण बहुधा कुणाला सुचतही नाही.

शेवटी उलटा प्रयोग : कप धरलेला हात मुद्दाम हलवायचा, बाहीवर थोडं पाणी शिंपडून घामाचा डाग करून हिंडायचं आणि लोकांकडे बघायचं. एकटे असताना, जेवताना, लिहितानाही हात थरथरत असेल, तर मात्र ते दुखणं वेगळं असू शकतं. आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्न : आणि लोक खरंच हसले तर?

कधी तरी हसतील. सीबीटी ‘कुणी हसणार नाही’ असं वचन देत नाही. नुसत्या सकारात्मक विचारांत आणि सीबीटीत हाच तर फरक. शक्यता तपासून झाली की मग किंमत तपासायची. हसले, मग पुढे काय झालं? किती सेकंद? विषय कुठे गेला? दुसऱ्या दिवशी कुणी काढला? म्हणूनच उपचाराच्या पुढच्या टप्प्यात चुका मुद्दाम करायला लावतात : बोलता बोलता मध्येच पाच सेकंद थांबणं, एखादा शब्द चुकीचा उच्चारणं, नुकत्याच सांगून झालेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारणं.

शाळेत कधी काळी खरोखर टिंगल झालेली असेल आणि आजही तोंड उघडताना तोच वर्ग डोळ्यांसमोर येत असेल, तर नुसते प्रयोग पुरत नाहीत. त्या आठवणीवर बैठकीत वेगळं काम करतात. तेव्हाचा प्रसंग आणि आताचा प्रसंग यांत काय काय वेगळं आहे, याची यादी हा त्याचा पहिला भाग. हे काम मात्र एकट्याने करू नका.

प्रश्न : कार्यक्रम बरा जातो, पण रात्री अंथरुणावर पडलं की प्रत्येक वाक्याची चिरफाड सुरू होते. सकाळपर्यंत ‘आपण माती खाल्ली’ अशी खात्री पटलेली असते.

हे पश्चात-रवंथ. त्यात नवीन माहिती काहीच नसते. आठवतं ते घडलेलं नसतं, तर त्या वेळी आतून जे जाणवलं होतं ते असतं. साक्षीदार एक आणि तोही घाबरलेला.

कार्यक्रमानंतर तासाभरात वहीतला ‘काय घडलं’ हा रकाना भरून टाका, पाच ओळींत. रात्री मनात खटला उभा राहिला की स्वतःला एकच गोष्ट विचारा : त्या पाच ओळींत नसलेलं काही नवं आठवतंय का? नसेल तर त्यावर वाद घालत बसू नका. वाद घालणं हीदेखील चिरफाडच. उठा आणि दुसऱ्या कशात तरी लक्ष घाला. मैत्रिणीला ‘मी काही वेडंवाकडं बोलले नाही ना?’ असं विचारण्याची हुक्की येईल. विचारू नका. मिळालेला दिलासा सकाळपर्यंतही पुरत नाही आणि पुढच्या वेळी तो मिळाल्याशिवाय झोप येत नाही.

प्रश्न : किती बैठका लागतात? गोळ्यांनी हेच लवकर होणार नाही का?

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी या विकाराची खास वैयक्तिक सीबीटी हा पहिला पर्याय सांगितला आहे. क्लार्क-वेल्स पद्धतीत साधारण चार महिन्यांत ९० मिनिटांच्या जास्तीत जास्त १४ बैठका. दीड तास अशासाठी की बैठकीतच प्रयोग करायचे, रस्त्यावर किंवा दुकानात जाऊन यायचं आणि परत येऊन त्याचा हिशेब मांडायचा. पाऊण तासाच्या बैठकीत हे बसत नाही आणि मग बैठक नुसत्या बोलण्यावर संपते.

ज्यांना सीबीटी नको, औषध हवं आहे, त्यांच्यासाठी त्याच सूचनांत एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन सुचवलं आहे. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. उदासी खोल असेल, तर औषध आणि सीबीटी बरोबर चालवतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वही-रकाने बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना गाठा. प्रोप्रॅनोलॉलने व्यासपीठावरची धडधड आणि थरथर तेवढ्यापुरती कमी होते. विकार त्याने जात नाही. दमा असलेल्यांना ते धोक्याचं आहे, म्हणून मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, शिवाय ‘गोळी होती म्हणून निभावलं’ हे वर उरतंच. दारूचंही तेच.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. घरात अखंड बडबड, बाहेर कुणी नाव विचारलं तरी माझ्यामागे लपते. मीच उत्तर देऊन टाकते. शाळेत तोंडी परीक्षेतून तिला सूट मागावी का?

कायमची सूट मागू नका, मुदतीची मागा. पूर्ण सूट मिळाली की भीतीला दरवर्षी मुदतवाढ मिळते. आणि अचानक व्यासपीठावर उभं केलं तर ती कायमची हाय खाईल. शिक्षकांशी बोलून पायऱ्या ठरवा : आधी घरी ध्वनिमुद्रण करून देणं, मग एकट्या शिक्षकांसमोर, मग दोन मैत्रिणींसमोर, मग अर्ध्या वर्गासमोर. प्रत्येक पायरीवर दोन-तीन वेळा. तारखा मुलीला आधी माहीत हव्यात.

तुमच्यासाठी काम अवघड आहे : गप्प राहणं. कुणी तिला प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजा. ती पाच सेकंदं युगासारखी वाटतील. तरीही ती बोलली नाही, तर उत्तर देऊ नका. तोच प्रश्न ‘हे की ते?’ असा सोपा करून तिलाच विचारा. आणि तिच्यासमोर ‘ती लाजते हो’ हे वाक्य बंद. शाळेत जायलाच नकार देऊ लागली, तर मात्र महिनाभर वाट बघू नका, लगेच बालमानसतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : उपचारकाला फोन करण्याचीच भीती वाटते. चार महिने नंबर लिहून ठेवला आहे.

मग फोन करू नका, मेसेज करा. तीन वाक्यं पुरेत : लोकांसमोर वावरण्याची भीती आहे, सीबीटी हवी आहे, वेळ मेसेजवरच कळवाल का. या विकारावर काम करणाऱ्या कुणालाही अशा मेसेजचं नवल वाटणार नाही. ऑनलाइन सुरुवात केलीत तरी हरकत नाही. मात्र पडद्यावरची स्वतःची चौकट लपवून ठेवा, नाही तर सगळा वेळ तिकडेच बघण्यात जाईल.

भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या : बैठकीत प्रयोग होतील का, व्हिडिओ वापरता का, गरज पडली तर दवाखान्याबाहेर बरोबर याल का. तिन्हींना ‘नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा उपचारक शोधा. हे सगळं आठवणार नाही अशी धास्ती असेल, तर कागदावर लिहून न्या आणि मान वर न करता वाचून दाखवा. पुढे सोडायच्या युक्त्यांची यादी होईल, तेव्हा तो कागद तिच्यात पहिला असेल.